लिफ्टमधली सहा माणसं आणि मिनाचा गूळ

तांडा, कळमनुरी तालुका
मे २००१

आदरणीय नर्मदाकाकूंना शिलाचा वाकून नमस्कार.

चाळीस माणसं एका पत्र्याच्या खोलीत कोंडली गेली, तर ती आधी कुलूप लावणाऱ्याला शिव्या देतात की शेजारी बसलेल्याला? याचं उत्तर मला येत नाही. तीन वर्षं नांदेडला तुमच्या माडीवरच्या खोलीत राहून समाजशास्त्रात बी.ए. झाले, पण पुस्तकात हे नव्हतं. असो. तुमचे गुडघे कसे आहेत? विश्वंभरकाकांनी तंबाखू सोडली का (की फक्त तुमच्यासमोर सोडली)? इकडे आम्ही सगळे जिवंत आहोत. हे आधीच लिहिते, म्हणजे पुढचं तुम्ही शांतपणे वाचाल.

परवा माझ्या धाकट्या बहिणीला, मिनाला, पाहायला पाहुणे येणार होते. मिना पंधरा वर्षांची. नववी पास झाली आहे, जूनमध्ये दहावीत बसायचं. आमच्या बंजारा तांड्यात पंचांसमोर दोन्ही घरांनी गूळ खाल्ला की लग्न पक्कं. ते मग मोडत नाही. मुलाच्या आईनं मात्र बजावलं होतं, की मुलगी पाहिल्याशिवाय मी गुळाला हात लावणार नाही. पाहुण्यांची वेळ दुपारी तीनची. मिनाला काय वाटतं, हे तोवर कुणीही विचारलं नव्हतं. मी विचारणार होते, पण आमचं घर एका खोलीचं, आणि त्यात मावशी तिला ढावलो शिकवायला बसलेली (सासरी जाताना नवरीनं एकेकाच्या गळ्यात पडून रडत गायचं गाणं, पोरीनं रडण्याचाही सराव करायचा असतो). म्हणून बांगड्यांचं निमित्त काढून मी तिला सकाळीच कळमनुरीच्या बाजारात नेलं. बाजारात दोन पोरींनी बसून बोलावं अशी जागा नाही. एकच सापडली: ओमप्रकाशचा व्हिडिओ हॉल. अंधार असतो आणि सगळ्यांची तोंडं पडद्याकडे.

सिनेमा हिंदीत बोलणारा, पण परदेशी. उंच इमारतीच्या लिफ्टमध्ये सहा माणसं अडकतात आणि त्यांतला एक जण खुनी असतो. लिफ्ट आमच्यापैकी कुणी पाहिलेली नव्हती. पुढच्या रांगेतले किशनराव (कुरुंद्याचे, हळदवाले) सारखे विचारत होते, "हे कपाटातून बाहेर काहून निघून नाही राहिले?" तिसरा मुडदा पडला तसे तेही गप्प झाले. मीही मिनाला विचारायचं विसरून पाहत बसले. काकू, याची मला अजून लाज वाटते.

ओमप्रकाशची पद्धत अशी, की सिनेमाच्या दोन सीड्यांपैकी एक त्याच्याकडे आणि दुसरी फाट्यावर हॉल चालवणाऱ्या त्याच्या साडूकडे. मध्यंतरात हा लुनावरून जाऊन अदलाबदल करतो, आणि तेवढ्यात फुकटे घुसू नयेत म्हणून बाहेरून कुलूप लावतो. परवा तो गेला तो आलाच नाही (लुना पंक्चर झाली, हे नंतर कळलं). मग लाइट गेली. पंखा थांबला. मे महिना, डोक्यावर पत्रा. आम्ही दार बडवलं, किंचाळलो. बाहेर बाजार भरलेला होता, पण लोकांना वाटलं, सिनेमा रंगात आला आहे.

अर्ध्या तासात माणसं लिफ्टमधल्यांसारखी वागू लागली. माझी पिशवी कुणी सरकवली, पाणी कुणी लपवलं, दाराशी तूच काहून बसला? मी उभं राहून एकजुटीवर चार वाक्यं बोलले. त्याबरोबर सगळ्यांचा संशय एका माणसावर आला: माझ्यावर. "ही बाई ओमप्रकाशचीच दिसते!" असं कुणीतरी ओरडलं. कोपऱ्यात जनकाबाई नावाची म्हातारी धापा टाकत होती. मिनानं आमच्या बाटलीतलं शेवटचं पाणी तिला पाजलं, आणि माझ्या कानाशी येऊन म्हणाली, "ताई, तीन वाजून जाईपर्यंत दार उघडू देऊ नको."

मला माझं उत्तर मिळालं. त्यानंतर मी दार बडवलं नाही. जनकाबाईचे डोळे फिरले तरी मी मनात मिनिटंच मोजत होते. हे मी तुम्हालाच लिहिते आहे, दुसऱ्या कुणाला सांगणार नाही.

कुलूप सव्वाचारला निघालं. जनकाबाईला दवाखान्यात नेलं. सलाईन चढल्यावर तिनं डोळे उघडून विचारलं, "बाई, खुनी कोण निघाला वं?" मी आणि मिना हसत हसत तांड्यावर आलो. सुटलो होतो ना! ओट्यावर सगळ्यांची तोंडं गोड झालेली होती. मुलगी सापडेना म्हणून आमच्या बापूंनी भिंतीवरचा फोटो काढून दाखवला होता. घरात फोटो एकच, माझा पदवीचा, काळा झगा आणि टोपी घातलेला. मुलाच्या आईनं विचारलं, "हीच का?" बापू म्हणाले, "व्हय. टोपी काढली की बराबर दिसंल." आणि गूळ खाल्ला गेला.

काकांना नमस्कार. गुडघ्यांना तीळतेल लावत जा.

तुमची,
शिला

ता. क. हे पत्र पोस्टानं आलेलं नाही. ते घेऊन दारात उभी आहे ती मिना. मी तिला सकाळच्या एसटीत बसवून दिलं. माझी खोली तिला द्या आणि दहावीला तिचं नाव घाला. दाखला तिच्या पेटीत आहे. ती लाजाळू आहे, जेवायला दोनदा म्हणावं लागतं.

आणखी एक. मी बी.एड.ला येणार आणि आम्ही दोघी त्या खोलीत राहणार, असं तिला वाटतं. परीक्षा होईपर्यंत तसंच वाटू द्या. काल मी तो फोटो घेऊन तांड्याचे प्रमुख थावरा नाईक यांच्या ओट्यावर गेले आणि पंचांना विचारलं, की गूळ जिला पाहून खाल्ला ती मुलगी कोण? नाईक फोटो डोळ्यांजवळ धरून म्हणाले, "बराबर आहे." संध्याकाळी मुलाकडून निरोप आला: मोठीही चालेल, फक्त ती टोपी आणू नये. मी होकार कळवला आहे.