समोरच्या भिंतीकडची बाळं

बाई,

तुम्हाला जाऊन इतकी वर्षं झाली, आणि मी आज अकोल्याच्या वॉर्डात उभी राहून मनातल्या मनात तुमच्याशी भांडत होते. तुमच्यासमोर कधी जीभ उचलली नाही ना, त्याचं हे.

अमरावतीचा तो वैशाख. बाळंतिणींचा वॉर्ड भट्टीसारखा तापलाय, नवी बाळं तापानं फणफणताहेत आणि डॉक्टरसाहेब आईच्या दुधाला दोष देताहेत. तुम्ही म्हणता, "दुधाले कायले बदनाम करता? दोष हवेचा हाय." पण नर्सबाईचं ऐकतो कोण! मग तुम्ही परवानगी आणलीत. एका भिंतीच्या खिडक्यांना वाळ्याच्या ओल्या ताट्या, समोरच्या भिंतीला काहीच नाही, आणि दोन्हीकडच्या बाळांचा ताप आम्ही शिकाऊ पोरींनी पाहायचा. काय ऐट आली होती आम्हाला! नर्सही काही शोधून काढू शकते, हे तोवर कुणी सांगितलंच नव्हतं. आणि एका दुपारी तुम्हीच चादर भिजवून समोरच्या खिडकीवर टाकलीत. आमच्यातल्या एकीनं अडवलं तर म्हणालात, "लेकरं तापून राह्यली अन् मी पाह्यत बसू? चुलीत गेला तुमचा शोध!" प्रयोग तिथंच मोडला. साहेब हसले. हे बायकांचं काम नव्हेच, म्हणाले. मी तुमच्या मागं उभी होते. मला तुमची लाज वाटली, बाई. पुढं कितीतरी वर्षं वाटत राहिली.

आता इथं नर्सांचा वर्ग मी घेते. यंदा तोच प्रयोग मी लावला. माझी एक विद्यार्थिनी ओलं फडकं घेऊन समोरच्या भिंतीकडच्या एका बाळाकडे निघाली. "बाई, त्याचे ओठ सुकून राह्यले." मी फडकं हिसकावलं. म्हटलं, सगळं मातीत घालशील. त्या बाळाच्या आईनं विचारलं, "आमच्या बाजूनं ताटी कावून नाई लावली जी?" मी तिच्याकडे पाहिलंसुद्धा नाही. संध्याकाळी बाळाला आकडी आली. तेव्हा मात्र मी धावले, अंग पुसलं, चमच्यानं पाणी पाजलं. वाचलं ते. आज घरी जाताना ती आई माझ्या पाया पडली. तुमच्यामुळं लेकरू हाती लागलं, म्हणाली. मी पाय मागं घेतले नाहीत. मेल्याहून मेल्यासारखं झालं.

दोन्ही भिंतींकडच्या बाळांतला फरक स्पष्ट दिसला, बाई. तुमचंच खरं होतं, दोष हवेचाच. इथल्या डॉक्टरसाहेबांनी सगळ्यांसमोर शाबासकी दिली, आणि इतकी वर्षं तुमची वाटायची ती लाज आता मला माझीच वाटते आहे.

तुम्ही हयात असतात तर यातलं अक्षरही कळवलं नसतं. साहेब म्हणतात, एका उन्हाळ्यानं सिद्ध होत नाही, पुढच्या वैशाखात पुन्हा करा. मी लगेच हो म्हटलं.