मॅडम, काल येऊन गेलात की

४ मे, सोमवार
दुपारी बाराच्या बसनं पोचले. स्टँडवरून समुद्र दिसत नाही, पण वारा अंगाला लागला की ओठ खारट होतात. मजा वाटली. लग्नाला बारा वर्षं झाली, एकटीनं प्रवास पहिल्यांदाच, आणि तोही कामगिरीवर. शुक्रवारी घरचे येणार. त्याआधी किनाऱ्यावरची सातही हॉटेलं डोळ्यांनी बघून एक पक्कं करायचं.

गेल्या वर्षी नवऱ्यानं फोटोला भुलून जे ठरवलं, तिथे समुद्र फक्त संडासाच्या खिडकीतून दिसायचा. चादरी ओलसर. मी चार दिवस धुसफुसत राहिले आणि सगळ्यांच्या सुट्टीचा विचका झाला. या वेळी तूच जा, तूच निवड, म्हणजे आमची सुटका, असं तो म्हणाला. हसत म्हणाला, पण म्हणाला.

सासूबाईंच्या गुडघ्यांसाठी तळमजला हवा. लेक नऊ वर्षांची, तिला उथळ पोहण्याचा तलाव. नवऱ्याला शांतता. मला कोरडं न्हाणीघर आणि समुद्राकडे तोंड असलेली खोली. एवढं मागणं म्हणजे काही फार नाही.

तोवर बाजारातल्या एका लॉजवर राहतेय. मालकीणबाई बोलक्या आहेत. जेवून जी आडवी झाले ती थेट सहाला उठले.

५ मे, मंगळवार
पहिलं हॉटेल बाद. तलावात पाणीच नाही, तळाशी प्लास्टिकच्या खुर्च्या रचून ठेवल्यात.

दुसऱ्या हॉटेलात गंमत झाली. मी तोंड उघडायच्या आत मॅनेजर म्हणाला, “मॅडम, काल येऊन गेलात की.” काल चारला मी म्हणे तळमजल्यावरची खोली बघितली, चहा घेतला, त्याच्या मुलीच्या परीक्षेची चौकशी केली. मी म्हटलं, चारला मी झोपले होते. तो नुसता हसला. खोली पुन्हा दाखवली, पण कपाळाला आठ्या घालून. नळ गळत होता. सांगितलं, तर म्हणाला, काल तर तुम्हाला चालत होता.

माणसाची गल्लत होते. पण उन्हातान्हात पायपीट करायची आणि वर हे ऐकून घ्यायचं.

६ मे, बुधवार
तीन हॉटेलं. तिन्हीकडे तेच. येऊन गेलात. बघून गेलात. आता परत काय?

पाचव्या ठिकाणी मी रिसेप्शनवरच्या मुलीशी भांडलेच. तिनं रजिस्टर माझ्यापुढे सरकवलं. माझं नाव, आमच्या घरचा पत्ता. अक्षर माझं. नावातला शेवटचा काना मी लांब खाली ओढते, तोही तसाच. मुलगी हळूच म्हणाली, काल तुम्ही किती छान बोललात, आज काय झालंय?

म्हणजे माझ्या नावानं फिरणारी ती बाई कुठेच नाक मुरडत नाही. गळका नळ चालतो. जिने चालतात. सगळ्यांशी गोड.

संध्याकाळी नवऱ्याला फोन लावला. तो खुशीत. म्हणाला, अगं, तासाभरापूर्वीच तर बोललो, किनाऱ्यावरचं शेवटचं हॉटेल ठरलं म्हणालीस, सुट्टी मिळतेय तर आम्ही उद्याच निघतो. मी म्हटलं, ती मी नव्हते. तो म्हणाला, “किती दिवसांनी आज तू मोकळेपणानं बोललीस. पुन्हा सुरू करू नकोस ना.”

फोन ठेवल्यावर रडू आलं. रागानं. भीतीनंही, हे आता लिहिताना कळतंय.

७ मे, गुरुवार, दुपार
अकरापासून स्टँडवर उभी. दोन बस येऊन गेल्या, त्यात ते नाहीत. फोन उचलत नाहीत. शेवटी चालत त्या शेवटच्या हॉटेलवर गेले. फाटकावरचा माणूस म्हणाला, मंडळी सकाळीच गाडीनं आली, जेवायला बसलीत.

काचेतून दिसले. नवरा, सासूबाई, लेक. चौथी माझ्याकडे पाठ करून. फोटोत बघितलेली माझी पाठ. सासूबाई तिच्या हातावर हात ठेवून काहीतरी सांगत होत्या. माझ्याशी त्या अशा कधी —

ती पाणी आणायला उठून आत गेली. मी धावत टेबलाशी गेले, तिच्या खुर्चीला हात लावला. लेक म्हणाली, “काकू, ही खुर्ची रिकामी नाहीये. आई आत्ता येतेय.”

अगदी नम्रपणे म्हणाली. मीच शिकवलंय तिला.

नवऱ्याला नावानं हाक मारली. त्यानं वर बघितलं. कोण हवंय तुम्हाला, असं विचारलं.

चार वाजता
लॉजवर परत. आरशात बघितलं. मीच आहे. चेहरा, दात, सगळं माझं.

फोन लावला. त्यानं उचलला. म्हणाला, बायको माझ्या शेजारी बसलीय, तुम्ही हा खेळ थांबवा. मागे कोणीतरी हसलं. माझंच हसू. लेक लहान असताना मी तशी —

उद्या पोलिसांकडे जाईन. काय सांगणार पण. ओळखपत्र दाखवीन. ओळखपत्र पर्समध्ये होतं. नाहीये.

पाच
मालकीणबाई खालून विचारतायत, बॅग एकट्याच उतरवाल का, ताई. मी वर आहे. मग त्या कोणाशी —

जिन्यावर पावलं. सावकाश. दाराला कडी आहे.

ठोठावत नाही. बाहेरून बोलतेय. माझ्याच आवाजात, पण मऊ. बॅग नकोय म्हणते. दार उघड म्हणते. त्यांना किती बरं वाटतंय, बघितलंस ना.

बघितलं.

लेक इतकी हसत होती की —

ती वाट बघतेय. चिडत नाही. मी असते तर एव्हाना —

कडी माझ्या हातात आहे आणि मी ती