द्वारकाबाईंचे गरोदरपण तूर्त न खोडणेबाबत

प्रति,
मा. कक्षप्रमुख,
संगणक कक्ष (आरोग्य),
जिल्हा हिंगोली.

विषय : संगणकात ‘माहेर’ हा रकाना उघडून मिळणे व तोवर द्वारकाबाई, वय साठ, यांची गरोदर म्हणून केलेली नोंद न खोडणे.

संदर्भ : आपली कारणे दाखवा नोटीस, दि. ३ ऑगस्ट २००७.

महोदय,

साठ वर्षांच्या बाईला आठवा महिना कसा, याचा खुलासा आपण मागितला आहे. खुलासा असा की, नोंद खोटी असून ती अर्जदाराने जाणूनबुजून केलेली आहे. अर्जदार प्रज्ञेश हा तालुक्यातील गरोदर मातांची नावे संगणकात भरतो. त्यावरून यादी छापली जाते आणि गावोगावच्या नर्सबाई त्या यादीप्रमाणे घरोघरी जातात.

आपल्याकडे लेक बाळंतपणाला माहेरी जाते, हे आपणांस सांगणे नलगे. संगणक मात्र बाईला एकच गाव देतो, ते सासरचे. ती निघाली की तिकडे ‘स्थलांतरित’ लिहून नाव बंद करायचे, आणि माहेरच्या यादीत ते चढतच नाही. आग रामेश्वरी, बंब सोमेश्वरी!

गेल्या उन्हाळ्यात जवळा बाजारची मनकर्णा अशीच माहेरी निघाली. तिचा बीपी वाढलेला होता. तिकडे कळवा, असे तिच्या नर्सबाईंनी अर्जदारास बजावलेही होते. अर्जदाराने संगणकात सोय नाही म्हणून हात वर केले व नाव बंद केले. अहो, एक फोन करता आला असता! मनकर्णाला झटके आले, जीप दवाखान्यात पोचेस्तोवर ती गेली. लेकरू तेवढे वाचले. तिच्या आईने अर्जदारास एवढेच विचारले, “नर्सबाई शेजारी येऊन गेली, आमच्या दारात काहून न्हाई आली?” तेव्हापासून अर्जदारास अन्न गोड लागत नाही.

आता द्वारकाबाईंची लेक राणी सिद्धेश्वरजवळच्या माहेरी आली आहे. अंगात रक्त कमी, पायांवर सूज. तिचे नाव तेथे चढेना, म्हणून अर्जदाराने आईचेच चढवले. नर्सबाई यादी घेऊन हसत दारात आल्या आणि राणीचे पाय पाहून हसणे विसरल्या. आता त्या दर आठवड्याला येतात.

‘माहेर’चा रकाना अर्जदाराने तयार करून ठेवला आहे, परंतु पासवर्ड आपल्या कपाटात आहे. कृपया कुलूप उघडावे. नर्सबाईंनाही त्यांना सुचतील त्या सोयी त्यात घालू द्याव्यात. गावची नड गावातल्यालाच कळते, साहेब.

खोट्या नोंदीबद्दल अर्जदारास नोकरीवरून काढले तरी तक्रार नाही. मनकर्णाबद्दल ती शिक्षा कमीच आहे. फक्त राणी सुखरूप मोकळी होईपर्यंत द्वारकाबाईंना गरोदर राहू द्यावे.

आपला अपराधी,
प्रज्ञेश अमृतराव खिल्लारे
दि. ६ ऑगस्ट २००७

सोबत : द्वारकाबाईंचे अंगठा केलेले संमतीपत्र. मजकूर त्यांनी सांगितला तसा : “लोक हसून राहिले तर हसू द्या. लेक मोकळी होईस्तोवर मी गरोदर हाय.”