सोनं पन्नासाव्याला

मी, आर्विला मे टोर्केल्सन, मर्ल टोर्केल्सन यांची पत्नी, वय वर्षे बहात्तर, राहणार लेक हेडली, मिनेसोटा, हे मृत्युपत्र माझ्या स्वयंपाकघरातल्या टेबलाशी बसून स्वतःच्या हाताने लिहीत आहे. माझं डोकं ठिकाणावर आहे. बिघडली आहे ती हृदयाची झडप, आणि ती बदलायला अकरा मार्चला मला शहरातल्या मोठ्या इस्पितळात नेणार आहेत. हे लिहायला मला कुणी भाग पाडलेलं नाही. या घरात माझं कुणी ऐकत नसेल, पण माझ्यावर दबाव आणायची हिंमतही कुणी केलेली नाही. याआधी मी काही लिहून ठेवलं असेल तर ते रद्द समजावं.

वकील हालवर्सन म्हणाले, "बाई, थोडक्यात लिहा. कुणाला काय, एवढंच." पण वस्तू घरात आली कशी हे न सांगता ती कुणाला द्यायची हे सांगितलं, तर घेणाऱ्याला वाटेल म्हातारीला चळ लागला होता. म्हणून जरा सविस्तर लिहिते. वकिलांना घाई असेल तर त्यांनी पानं उलटावीत.

कलम पहिलं. घर आम्हा दोघांच्या नावावर आहे, ते मर्लकडे राहील. बँकेत माझ्या एकटीच्या नावावर जे असेल ते आमची मुलगी जॉयलीन हिला द्यावं. शिवणाचं मशीनही तिलाच. त्याच्या पायडलला तेल लागतं, आणि ते तिच्या बापाने घालू नये. तो कशालाही मोटारीचंच तेल घालतो.

कलम दुसरं. माझी नणंद बर्नाडीन हिला मी ती यादी परत करते.

आमचं लग्न १९७५ च्या जूनमध्ये झालं. लोकांनी टोस्टर दिले, चादरी दिल्या. बर्नाडीनने चौकटीत घातलेली एक छापील यादी दिली: लग्नाच्या कितव्या वाढदिवसाला नवऱ्याने बायकोला कशाची वस्तू द्यावी. पहिल्याला कागद, दुसऱ्याला सूत, तिसऱ्याला चामडं, पाचव्याला लाकूड, सहाव्याला लोखंड, दहाव्याला कथील, असं करत पंचविसाव्याला चांदी आणि पन्नासाव्याला सोनं. चर्चच्या तळघरात सगळ्यांसमोर तिने ती मर्लच्या हातात दिली आणि म्हणाली, "हा माझा भाऊ विसरभोळा आहे गं आर्विला. आता तुला कधी तक्रारीला जागा राहायची नाही." त्या दिवसापासून मी तक्रारच करते आहे.

मर्लचं हार्डवेअरचं दुकान आहे. यादी त्याने घरात लावली नाही, दुकानात गल्ल्यामागे लावली. त्यामुळे गावातले नवरेही येता-जाता ती वाचू लागले, आणि जे हवं ते तिथल्या तिथे घेऊन जाऊ लागले. आमच्या शेजारच्या लोवेलने त्याच्या बायकोला अकराव्या वाढदिवसाला, म्हणजे पोलादाच्या वर्षी, पोलादाची बादली नेली. ती बिचारी आठवडाभर त्याच्याशी बोलली नाही. लोवेल या मृत्युपत्राचा साक्षीदार आहे. त्याने हे वाचलं तर वाचू दे.

कलम तिसरं. पुढील वस्तू जॉयलीनने तिला हव्या तशा वाटाव्यात किंवा टाकून द्याव्यात.

कागदाच्या वर्षी मर्लने मला सँडपेपर दिला. मी तेवीस वर्षांची होते, मला वाटलं पत्र असेल. सुताच्या वर्षी वाळत घालायची दोरी. त्याच वर्षी मी त्याला सुती सदरा हाताने शिवून दिला होता, तो त्याने गॅरेज रंगवायला वापरला. चामड्याच्या वर्षी कामाचे हातमोजे, तेही त्याच्या मापाचे. म्हणाला, "तुझं माप संपलं होतं." लाकडाच्या वर्षी बर्फ उपसायच्या फावड्याचा दांडा. नुसता दांडा. फावडं आधीपासून घरात होतं. कथलाच्या वर्षी कोंबड्यांच्या खुराड्यावर घालायचा पत्रा. पंधराव्या वर्षी स्फटिक, म्हणजे जड पाणी मऊ करायच्या यंत्रात घालायच्या मिठाच्या खड्यांची गोणी. ती त्याने मला वरून उचलून तळघरात न्यायला लावली नाही, स्वतः नेली, एवढं त्याच्या बाजूने नोंदवते.

सहाव्या वर्षीचा बिडाचा तवा मात्र वेगळा ठेवला आहे. त्या तव्यावर मी आजवर तळ्यातले मासे तळले, पॅनकेक केले, जॉयलीनच्या लग्नाच्या आदल्या दिवशी पन्नास माणसांचे बटाटे परतले. तवा चांगला आहे, हे मी मर्लला कधी सांगितलेलं नाही. तवा जॉयलीनला. बर्नाडीन गेली तीस वर्षं त्यावर डोळा ठेवून आहे, पण तिला तो मिळणार नाही. तिने मागितला तर तिला हे कलम वाचून दाखवावं.

कलम चौथं. यात द्यायचं काही नाही, पण हे लिहिल्याशिवाय मला चैन पडायची नाही.

पंधराव्यानंतर यादीत एकदम विसावं येतं, मग पंचविसावं, मग तिसावं. सोळाव्या वाढदिवशी मी सकाळपासून वाट पाहिली. हॉटडिश, म्हणजे खिमा-भाज्यांचा भट्टीत भाजलेला थर, केली, वर त्याला आवडतात तसे बटाट्याचे तुकडे लावले. जेवण झालं, भांडी झाली, तो बातम्या पाहायला बसला. मी म्हटलं, "मर्ल, आज काय आहे माहीत आहे ना?"

"आहे की. सोळा वर्षं."

"मग?"

"यादीत सोळावं नाहीये गं." हे त्याने इतक्या शांतपणे सांगितलं की मला दगडावर डोकं आपटावंसं वाटलं.

पुढेही तसंच. चार वर्षं कोरडी, पाचव्याला काहीतरी अचाट. विसाव्याला चिनी माती होती, म्हणून नवा कमोड. चांदीच्या वर्षी चंदेरी गळ, ज्याने मासे तोच पकडतो. तिसाव्याला मोती, म्हणून मोतिया रंगाचे दोन डबे, भिंती मीच रंगवल्या. चाळिसाव्याला माणिक होतं. तेव्हा माझ्या गाडीचा फुटलेला मागचा लाल दिवा बदलून दिला आणि अंगणात उभा राहून म्हणाला, "बघ, कसा चमकतोय."

आता कुणी म्हणेल, माणूस वाईट नाही. मी कुठे म्हणते वाईट आहे? उणे तीस अंशांच्या थंडीत तो रोज सकाळी माझ्या आधी बाहेर जाऊन माझी गाडी तापवून ठेवतो. ते यादीत नाही म्हणून त्याला ते दिल्यासारखं वाटत नाही, आणि मलाही वेळेवर कळलं नाही. पण कुणी तरी एकदा आपल्यासाठी काही निवडावं, असं बाईला वाटतं. निवडावं, यादीत बघून आणू नये.

कलम पाचवं. माझी लग्नाची अंगठी.

बत्तिसाव्या वर्षी, म्हणजे यादीतल्या एका कोरड्या वर्षी, मला बागेत गांधीलमाशी चावली. बोट इतकं सुजलं की इस्पितळात अंगठी कापून काढावी लागली. दोन तुकडे पाकिटात घालून मर्लच्या हातात दिले. मी म्हटलं, सोनाराकडून सांधून आण. तो म्हणाला, "ठेवतो नीट. सोनं पन्नासाव्याला आहे."

मला वाटलं चेष्टा करतोय. मर्लने आयुष्यात चेष्टा केलेली नाही.

पहिली दोन वर्षं मी दर महिन्याला विचारलं. मग दर नाताळला. मग बोलणं सोडलं. अठरा वर्षं होत आली, मी मोकळ्या बोटाने फिरते आहे. जॉयलीनच्या लग्नात बर्नाडीन सगळ्यांच्या देखत म्हणाली, "काय गं, अंगठी विकलीत की काय?" मी हात टेबलाखाली घेतला. आणि गेल्या आठवड्यात इस्पितळात कागद भरताना खिडकीतल्या मुलीने माझा हात पाहिला, मर्लकडे पाहिलं आणि विचारलं, "तुम्ही यांचे भाऊ का?" मर्ल म्हणाला, "नाही, नवरा," आणि पार्किंगची पावती शोधायला लागला.

म्हणून मी असं लिहिते: शस्त्रक्रियेत माझं बरंवाईट झालं, तर जूनची वाट न पाहता ते दोन तुकडे शोधून सांधावेत, आणि अंगठी माझ्या बोटात घालून मगच पेटीचं झाकण लावावं. नवऱ्याने जितेपणी घातली नाही ती मेल्यावर तरी घालावी. बोडक्या हाताने मला पुरू नये.

इथवर काल लिहिलं होतं. पुढचं आज लिहिते आहे, कारण मध्ये जे झालं त्याने कलम बदलावं लागलं.

काल दुपारी मर्ल कॉफीला घरी आला. मी शेगडीकडे वळले तेवढ्यात त्याने हे पान उचललं. टोपी काढून वाचत उभा राहिला. तो वाचतो सावकाश, ओठ हलवत.

"हे काय लिहिलंयस, आर्विला?"

"वाचता येतं ना तुला?"

"अंगठी सांधलेली आहे."

"कधी?"

"त्याच साली. हरणांच्या शिकारीच्या आधी."

"कुठाय?"

"दुकानात. खिळ्यांच्या कपाटात, अगदी वरच्या खणात."

माझ्या हातात कॉफीचं भांडं होतं ते मी खाली ठेवलं, कारण ते कुठे गेलं असतं सांगता येत नाही. "अठरा वर्षं तू ती खिळ्यांत ठेवलीस?"

"जूनला द्यायची होती ना. पन्नासाव्याला." त्याला खरंच वाटत होतं मी खूश होईन.

"अरे, आणि मी जूनपर्यंत राहिले नाही तर?"

तो टोपीची कड चुरगाळत म्हणाला, "असा विचारच केला नव्हता मी. तू नसशील असा."

मला रडू आलं आणि रडू येतंय याचा त्याहून जास्त राग आला. मी म्हटलं, "जा, घेऊन ये."

"आत्ता? बर्फ पडतंय."

"आत्ताच्या आत्ता."

गेला. आला तेव्हा भुवयांवर बर्फ होतं. अंगठी चांगली सांधली आहे, जोड हाताला लागत नाही. पण माझं बोट आता तेव्हासारखं राहिलेलं नाही. या आजारपणात मी वाळले आहे, अंगठी सैल पडून गरगर फिरायला लागली. हे पाहून मर्लचा चेहरा असा उतरला की मी जे बोलणार होते ते गिळलं. मग त्याने खिशातून नळाच्या आट्यांना गुंडाळतात ती पांढरी टेप काढली, अंगठीच्या आतल्या बाजूला तीन वेढे दिले, आणि माझा हात हातात घेऊन अंगठी घट्ट बसवली. लग्नात त्याचा हात कापत होता. काल कापला नाही, ते काम त्याला येतं.

मग तिथेच उभा राहून म्हणाला, "पण आर्विला, मग जूनमध्ये काय देऊ? यादीत तर सोनंच आहे."

कलम सहावं, आणि शेवटचं. वरच्या पाचव्या कलमाऐवजी हे धरावं.

इस्पितळाच्या सूचनांत लिहिलं आहे की शस्त्रक्रियेला अंगावर कुठलाही दागिना चालणार नाही. म्हणून अकरा मार्चला सकाळी ही अंगठी माझ्या बोटातून मर्लने स्वतः काढावी आणि सदऱ्याच्या खिशात ठेवावी. दुकानात ठेवू नये. मी शुद्धीवर आले तर लगेच, तिथल्या तिथे, त्यानेच परत घालावी. शुद्धीवर नाही आले तरी त्यानेच घालावी, आणि टेप नवी लावावी.

मी जूनमध्ये असले, तर मर्लने मला यादीतलं काहीही देऊ नये. यादी तोवर त्याच्या बहिणीकडे गेलेली असेल. काय द्यायचं ते त्याचं त्याने ठरवावं. चुकलं तरी चालेल. मी ते घेईन.

बर्नाडीनला साक्षीदार व्हायचं होतं. वकील म्हणाले, ज्याला काही मिळणार आहे त्याने साक्षीदार न होणं बरं. तिला यादी मिळणार आहे, त्यामुळे तिला बाहेरच्या खोलीत बसवलं आहे.

वरील सर्व मजकूर मी वाचून, समजून, कुणाच्या सांगण्यावरून नव्हे, पुढील दोघांच्या डोळ्यांदेखत सही केली. सही करताना अंगठी माझ्या डाव्या हातात होती. साक्षीदारांनी दोन्ही नीट पाहावं.

स्थळ: लेक हेडली, मिनेसोटा
दिनांक: १९ फेब्रुवारी २०२५

(सही) आर्विला मे टोर्केल्सन

साक्षीदार पहिला: आयोनी ग्राबो, गावच्या वाचनालयात कामाला. सही पाहिली. अंगठी पाहिली.

साक्षीदार दुसरा: लोवेल स्टेनरूड, शेजारी. दोन्ही पाहिलं. बादलीबद्दल घरी जाऊन माफी मागतो.