सुधारित दर

३ जून
मानवजातीवर झालेल्या अन्यायांची कुणी नोंद ठेवत असेल, तर आजची माझी दुपारची झोप त्यात घालावी. नुकताच डोळा लागला होता – फोन! धाकटी बहीण.

"दादा, झोपला नाहीस ना?"

"आता नाही."

सलूनसाठी तिने दुसरी खुर्ची घेतली. मागे कलणारी, गोल फिरणारी. क्रेडिट कार्डावर. आधीची बाकी असताना? तर म्हणे, "बँकेचा मेसेज आलाय. व्याजाचा दर सुधारला. म्हटलं, हीच वेळ."

दर सुधारतो? माझ्या पाहण्यात अजून एकही सुधारलेला नाही.

४ जून
सलूनमध्ये जाऊन मेसेज वाचला. 'आपल्या कार्डावरील सुधारित व्याजदर लागू झाला आहे.' खाली आकडा – महिन्याला पावणेचार टक्के. आधी अडीच होता.

तिची काय चूक? पोरगा सुधारला म्हणजे मार्गाला लागला. तब्येत सुधारली म्हणजे ताप उतरला. बँकेत मात्र ताप चढला की तो सुधारतो.

धाकटीने कॅल्क्युलेटर ओढला. बटणं बडवली. मग म्हणाली, "मी भरते ते सगळं व्याजातच जाणार. मग भाडं थकणार. भाडं थकलं की मालक कुलूप लावतो, त्याने आधीच सांगून ठेवलंय."

"मी भरतो."

"भावाकडे हात पसरायचा असता तर दुकान कशाला काढलं असतं?"

विषय संपला.

५ जून
खुर्चीवाला माल परत घेत नाही. "ताई, प्लॅस्टिक काढलंत तुम्ही."

७ जून
दोघं बँकेत. काउंटरवरची मुलगी गोड बोलणारी. "काका, सुधारित म्हणजे बदललेला."

"मग 'वाढलेला' लिहा. अक्षरं तेवढीच आहेत, शाई जास्त लागणार नाही."

मुलीला हसू आलं. मागे साहेब दिसले तसं तिने ते गिळलं.

धाकटीने मला कोपराने बाजूला सारलं. "दादा, विनोद तुझ्या पेपरातल्या सदरात कर. इथे मी बोलते." आणि बोलली. कार्ड आजच बंद करा. बाकी रकमेचे हप्ते पाडून द्या, दर एकच राहील असं लेखी द्या. "नाहीतर माझी गिऱ्हाइकं इथेच बोलावते. केस तुमच्या फरशीवर पडतील." पर्समधून कात्री काढून तिने साहेबांसमोर कार्डाचे दोन तुकडे केले.

हप्ते मिळाले. जडच आहेत, पण आता सुधारणार नाहीत.

मी वीस वर्षं व्यंग लिहितो. माझ्यामुळे एकही साहेब खुर्चीतून उठलेला नाही.

१२ जून
नव्या खुर्चीवर काम करायला तिने ओळखीची एक कारागीर बाई ठेवली. कमाई निम्मी-निम्मी. "रिकामी खुर्ची नुसती व्याज खाते, दादा." हे वाक्य मी सदरात ढापणार आहे.

२९ जून
ढापलं. संपादक खूश.

३० जून
पहिला हप्ता उद्या. थोडे कमी पडतायत – हे त्या कारागीर बाईने हळूच सांगितलं. धाकटी मरेल पण सांगायची नाही.

१ जुलै
सकाळी पहिलं गिऱ्हाईक मी. सलून उघडल्यापासून माझे केस तीच कापते, फुकट. आज उठताना तेव्हापासूनच्या सगळ्या कटिंगचे पैसे आरशापुढे ठेवले. पाटीवरच्या दराने.

तिने मोजले. दोनदा. मग एक नोट माझ्या खिशात कोंबली.

"तू दवाखान्यात होतास तेव्हा मी तिथे येऊन कापले होते. ते गिऱ्हाइकाचे नव्हते."

बाकीचे गल्ल्यात टाकले.