एबेनच्या नावापुढचं शेत

३ मार्च १९२२, शुक्रवार
इथेल स्मारकाच्या कमिटीवरून आला तो खुशीत. चॅपलच्या दारात दगड बसणार — युद्धात गेलेल्या बाराजणांची नावं, प्रत्येकापुढे त्याच्या शेताचं नाव. आमच्या खोऱ्यात आडनावाला विचारतो कोण? निम्मे जोन्स, उरलेले ह्यूज. माणूस शेतावरून ओळखायचा.

"एबेन जोन्स, नांट-इर-एविग," इथेल म्हणाला. "आपल्या शेताचंही नाव लागलं, लौरी. घरचं कुणी लढाईवर गेलं नाही म्हणून आता मान खाली घालायला नको."

एबेन आमचा गडी. चौदाव्या वर्षी अनाथालयातून आला, आठ वर्षं तबेल्याच्या माळ्यावर झोपला. इथेल माझा सख्खा भाऊ, पण त्याच्या तोंडाकडे बघवेना.

४ मार्च
लिहूनच टाकते. सहा वर्षं पोटात ठेवलंय.

सोळा साली लष्कराच्या सक्तीच्या भरतीतून सूट देणारी समिती बसली. शेतावर एकच तरुण राहील, मेंढपाळ कोण ते कळवा, म्हणाली. अर्ज इंग्रजीत हवा होता, इथेलला ते येत नाही. अर्ज मी लिहिला — मेंढपाळ, इथेलचा मुलगा इदवल. गडी एबेन नसला तरी चालेल. माझं अक्षर!

इदवलला तेव्हा मेंढी धड धरता येत नव्हती. एबेनच्या शिट्टीवर सगळा कळप डोंगर उतरायचा. पुढच्या जुलैत तो बेल्जियममध्ये मेला.

भाच्यासाठी केलं. परत वेळ आली तर? माहीत नाही. हेच वाईट वाटतं.

९ मार्च
इथेलशी कडाक्याचं वाजलं.

"नुसतं नाव राहू दे त्याचं. आपल्या शेताचं नको."

"का? आठ वर्षं इथलंच खाल्लं ना त्यानं?"

"आणि आपण त्यालाच पुढे —"

"लौरी, झाकली मूठ आहे, झाकलेलीच राहू दे. इदवल ऐकेल."

इदवल दारातच बसला होता, बूट काढत. एकच बूट निघाला होता.

११ मार्च
इदवल जेवतो, लगेच डोंगरावर जातो.

१७ मार्च
कमिटीपुढे गेले. बायकांनी तिथे जायची रीत नाही. चहा घेऊन आले असं वाटलं त्यांना! उभ्या उभ्या सगळं सांगितलं — अर्ज, खोटं, सगळं.

कोणी दचकलं नाही. मी आरडाओरडा सोसायला तयार होऊन गेले होते, ह्याला नाही.

शेवटी म्यूरिग दुकानदार बोलले. सूट देणाऱ्या समितीवरही हेच होते. "लौरी, दर जूनला लोकर कातरायला आम्ही सगळे तुमच्याकडे येत होतो ना? कळप कोण खाली आणतं, ते दिसत नव्हतं आम्हाला?"

"मग अर्ज मंजूर का केलात?"

ते खिडकीकडे बघत म्हणाले, "तसा अर्ज तुमच्या एकट्या घराचाच नव्हता, बाई." आणि दगड कोरायला गेलाय, आता काही बदलणार नाही, असंही सांगितलं.

घरी येऊन यादी पुन्हा वाचली. बारांपैकी सात गडी, त्यातला एक म्यूरिग दुकानदारांच्या शेतावरचा. त्या सातही शेतांचे मुलगे दर रविवारी माझ्या आसपासच्या बाकांवर बसतात. आजवर माझ्या डोक्यात कसं आलं नाही?

२ एप्रिल
ठरलं. दगड बसेल त्या दिवशी रेव्हरंड एकेक नाव वाचतील, त्या घरातलं माणूस उभं राहील. एबेनसाठी इथेल. काळा कोट झटकून ठेवलाय त्यानं. नको म्हणून मी आज दोनदा सांगितलं. "मग कोण उभं राहणार? बिचाऱ्याला आहे कोण आपल्याशिवाय?" म्हणाला. खरंच कळवळून म्हणाला, म्हणून जास्तच राग आला.

इदवलनं बशीतून मान वर केली नाही.

१० जून
उद्या. इथेल आरशासमोर उठून उभं राहायचा सराव करतोय. मी उद्या तोंड उघडणार नाही. आता सांगायचं कुणाला?

११ जून, रविवार
"एबेन जोन्स, नांट-इर-एविग." इथेल उठायला लागला. इदवलनं त्याच्या खांद्यावर हात ठेवून त्याला खाली बसवलं आणि स्वतः उभा राहिला. म्हणाला, "मेंढपाळ तो होता. तिथे माझं नाव हवं होतं." मग मागच्या बाकावरून म्यूरिग दुकानदारांचा मुलगा उठला — त्याच्या गड्याचं नाव अजून वाचलंही नव्हतं. मग आणखी एक.

सातही मुलगे उभे होते. बाप सगळे बसलेले.