दोघांपुरती खोली

बायकोला निरोप द्यायला नको, म्हणून गेणूतात्या सकाळीच उसाच्या रानात निघून गेले. लेक योगिनीच्या बाळंतपणासाठी सहा महिने जर्मनीला निघालेल्या सारजाबाईंनी दारात गाडी उभी असतानाच चिठ्ठी लिहिली आणि तात्यांच्या ताटाखाली ठेवली.

‘अवो, भाकरी टोपल्यात हाय, पिठलं झाकून ठेवलंय. उद्यापासनं प्रयागबाई डबा देतील. तितं काय खाशील, म्हणून तुमी इचारत हुता. ज्वारीचं पीठ अन् शेंगदाण्याची चटणी बांधून घेतलीया. जावयाच्या घरात ऱ्हायाचं न्हाय म्हणलात, म्हणून योगिनीच्या शेजारीच येगळी खोली भाड्यानं घेतली. सैपाकघर आपलं आपल्याला. खोली दोघांपुरती हाय. तुमचा पासपोर्ट कपाटात वरच्या खणात ठेवलाय. ऊस तुटला, की निघून या.’